'काहीच वाटत नाही' म्हणणाऱ्यांसाठी मनोविश्लेषणात नेमकं काय बदलायचं?

मनकवडा
फ्रॉइडची मांडणी दमनाभोवती उभी आहे. इच्छा दडपली जाते, लक्षणाचं रूप घेऊन वर येते आणि मुक्त साहचर्यातून, म्हणजे मनात येईल ते न गाळता बोलण्यातून, तिचा माग काढायचा असतो. आता येणारे बरेच जण ठळक लक्षण सांगतच नाहीत. 'सगळं ठीक आहे, पण आतून रिकामं वाटतं' एवढंच. मला हे आधुनिक दुःख वाटतं. कोचावर झोपवून 'मनात येईल ते बोला' म्हटलं की कामांची यादी ऐकायला मिळते, नाहीतर शांतता. आठवड्याला चार-पाच सत्रं तर क्वचितच कुणाला जमतात. पद्धत किती वाकवायची?

अंतर्नाद
ती यादी म्हणजे टाळाटाळ असेलच असं नाही. मार्ती आणि द म्यूझां या फ्रेंच मनोविश्लेषकांनी 1963 मध्येच अशा कोरड्या, कल्पनाशून्य विचारपद्धतीचं वर्णन केलं होतं. इथे खाली दडलेलं काही उकरायला जावं, तर भावनेला अजून आकारच आलेला नसतो. त्यामुळे लवकर दिलेला अन्वयार्थ (बोलण्यामागचा अर्थ विश्लेषकानं उलगडून सांगणं) एक तर आरोपासारखा लागतो, किंवा माणूस 'हो, बरोबर' म्हणून तो माहितीसारखा खिशात टाकतो. दुसरं जास्त घातक, कारण काम पुढे सरकतंय असा भास होतो.

सुरुवात समोरासमोर बसून करा. शांतता लांबू देऊ नका. अशा व्यक्तीला त्या शांततेत आपल्याला सोडून दिल्यासारखं वाटतं. यादीतली एकच गोष्ट उचला, समजा वरिष्ठांचा फोन. फोन येण्याआधी काय चाललं होतं? आवाज ऐकल्यावर अंगात कुठे ताण आला? फोन ठेवल्यावर लगेच काय केलं? मग शब्द सुचवा, पण प्रश्नार्थक: 'रागापेक्षा अपमान जवळचा वाटतो का?' त्यांनी तुमचा शब्द खोडून स्वतःचा दिला, तर समजा गाडी रुळावर आली. हे काम महिनोन्महिने चालतं. कोच नंतर.

रोखठोक
'आधुनिक दुःख' या शब्दाबद्दल जरा सबुरीनं. बाहेरून सुरळीत, आतून पोकळ असा 'खोटा स्व' विनिकॉट या ब्रिटिश विश्लेषकानं 1960 मध्ये मांडला, 'स्व'च्या विश्लेषणावरचं कोहूटचं पुस्तक 1971 चं. पद्धत बदलण्याची चर्चाही जुनीच: शुद्ध विश्लेषणाच्या सोन्यात थेट सूचनेचं तांबं मिसळावं लागेल, असं फ्रॉइड 1918 मध्ये बुडापेस्टला म्हणून गेला.

'आजकाल सगळेच थकलेत' असं विश्लेषकानं म्हटलं की काम तिथेच संपलं. कामाचा बोजा खराच असतो, तो नाकारू नये. पण थांबता येत असूनही न थांबण्याचं कारण प्रत्येकाचं वेगळं. थांबलात तर कोणाच्या नजरेतून उतराल, हे विचारा.

आठवड्याला एकच सत्र असेल तर ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना विश्लेषकावर येणं) नाहीसा होत नाही, पातळ होतो. शिवाय सत्राचा बराच वेळ आठवड्याच्या बातमीपत्रात जातो. म्हणून वार आणि वेळ पक्की, 50 मिनिटं म्हणजे 50 मिनिटं, रद्द केलेल्या सत्राचा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला. बाकी कितीही वाकवा, ही चौकट मात्र वाकवू नका.

आखूड कामासाठी डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपीचा साचा आहे: 16 सत्रं. पहिल्या 4 मध्ये नात्यातला एकच पुन्हापुन्हा घडणारा नमुना पकडायचा, मधली 8 त्यावरच, शेवटची 4 निरोपाची. पण जुनाट नैराश्याला हे पुरेल असं धरू नका. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकच्या 2015 च्या अशा नैराश्यावरच्या अभ्यासात 18 महिन्यांत 60 सत्रं होती. उपचार संपताना नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक किरकोळ होता, तो उठून दिसला नंतरच्या पाठपुराव्यात.

किलकिले_दार
ऑनलाइन सत्रांची भर: जोडणी तुटली तर परत कोण जोडणार, ते आधीच ठरवा. नाहीतर नेट गेलं का विश्लेषक रुसला, हे कळत नाही. व्यक्तीला स्क्रीनवर स्वतःचा चेहरा झाकायला सांगा. स्वतःकडे बघत मोकळं बोलता येत नाही. मधल्या दिवसांत आलेल्या मेसेजवर 'हे सत्रात बोलू' एवढंच उत्तर.

मनकवडा
अंतर्नाद, अन्वयार्थ द्यायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?

अंतर्नाद
न विचारता स्वप्न सांगितलं, किंवा 'मागच्या वेळी तुम्ही असं का म्हणालात?' असं चिडून विचारलं की.