अनुभव धागा: 'येशूच्या नावाने नीघ' असं तुम्ही कधी म्हटलंय का?

परवा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय वाचत होते. येशूचे शिष्य हरखून परत येतात, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आमचं ऐकतात म्हणतात. येशू सांगतो, त्याचा आनंद नका मानू, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. तेव्हापासून विचारायचं होतं: हा अधिकार तुम्ही स्वतः कधी अनुभवलाय? ऐकीव किस्से नकोत. फसलेले प्रयत्न चालतील.

*

माझं साधंच आहे. मध्यरात्री जाग यायची, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं, बोट हलायचं नाही. मनातल्या मनात 'येशू' म्हणायचे आणि सुटायचे. पुढे डॉक्टरांनी स्लीप पॅरालिसिस म्हणून समजावलं: मेंदू जागा होतो, स्नायू अजून झोपेतच असतात. निम्मी भीती तिथेच गेली. उरलेली 91 व्या स्तोत्राने. मला दोन्ही खरं वाटतं, कुणाला पटो न पटो.

*

लिहू की नको, दोन दिवस विचार केला. माझ्या धाकट्या भावाला आवाज ऐकू यायचे. एका प्रार्थना गटाने सांगितलं, सैतान आहे, गोळ्या बंद करा. आम्ही केल्या. (ही चूक आमची, त्यांच्यावर ढकलत नाही.) तीन तास त्याच्याभोवती आरडाओरडा चालला. कुणीतरी केस धरून ओढले. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला आणि पुढचे कित्येक दिवस आमच्यापैकी कुणाशी बोलला नाही.

मग एक म्हातारे पाळक आले. त्यांनी आधी विचारलं, झोपतो का, जेवतो का, औषध कोणतं चालू होतं. डोक्यावर हात ठेवून दोन मिनिटं प्रार्थना केली आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला लावलं. जाताना मला म्हणाले, "मार्कचा पहिला अध्याय नीट वाच. तिथे मोठ्याने ओरडतं ते भूत. येशूची एक धमकी पुरते."

भाऊ आता कामाला जातो. गोळ्या चालू आहेत, प्रार्थनाही.

*

वरच्या दादांचं वाचून गलबललं. पण म्हणून सगळंच आजारात जमा करू नका. मी जे पाहिलंय ते मला आजार वाटलं नाही, इतकंच म्हणेन. मार्क 5 मध्ये एका माणसात भुतांचं 'सैन्य' असतं, ते येशूच्या परवानगीने डुकरांत शिरतं. ती गोष्ट निघाली की सगळे त्या दोन हजार डुकरांवरच अडतात. मला नेहमी तो माणूस दिसतो: कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, शांत बसलेला. त्याला येशूबरोबर जायचं असतं. येशू त्याला घरी पाठवतो.

*

आमच्या कॅथलिकांत हे कुणीही उठून करायचं काम नाही. चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) 1172 प्रमाणे बिशपची स्पष्ट परवानगी लागते, ती फक्त धर्मगुरूलाच मिळते. शिवाय आधी हा आजार नाही याची खात्री करावी लागते. भूत काढायचा 1614 चा जुना विधी 1999 मध्ये सुधारून आला. परवानगी असूनही घात होतोच. जर्मनीत 67 वेळा विधी झालेली एक तरुणी 1976 मध्ये उपासमारीने गेली. 1978 मध्ये तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू दोषी ठरले. मी स्वतः भूत वगैरे काही पाहिलेलं नाही. बाप्तिस्म्यात सैतानाला नाकारलं, ते ईस्टरला दरवर्षी पुन्हा म्हणतो, तेवढाच माझा अनुभव.

*

फसलेला प्रयत्न माझ्याकडे आहे. विश्वासात नवा होतो. खोलीतल्या मित्राला रात्री भीती वाटायची, कुणीतरी उभं आहे म्हणायचा. मी उभा राहिलो, आवाज चढवला, "येशूच्या नावाने आज्ञा करतो..." तो पांघरुणातून म्हणाला, "आधी माझे उसने पैसे दे."

प्रेषितांच्या कृत्यांत, 19 व्या अध्यायात, सात भाऊ, प्रेषित पौल ज्याचा प्रचार करतो त्या येशूचं नाव घेऊन भूत काढायला जातात. ते विचारतं, येशूला ओळखतो, पौलालाही जाणतो, तुम्ही कोण? ते सातही जण उघडेवाघडे पळतात. माझे निदान कपडे अंगावर राहिले.

सकाळी पैसे दिले. रात्री दोघं खाली बसून हळू आवाजात प्रार्थना करू लागलो. त्याची भीती कधी गेली, मी विचारलं नाही. पण दिवा बंद करायला तोच उठू लागला.