मदत हवी आहे: उचलून आणलेला टेबल फॅन तापतोय

कुणीतरी टाकून दिलेला टेबल फॅन विचारून घरी आणला. जाळी गंजलीय, पण पाती शाबूत. बटण दाबलं की नुसता गुं-गुं आवाज करायचा. पातं काडीने ढकललं की फिरायचा. म्हणजे कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला. जुन्यावर छापलेल्या २.५ मायक्रोफॅरॅडचाच नवा बसवला. आता आपोआप सुरू होतो, पण १०-१५ मिनिटांत मंदावतो आणि मोटरला हात लाववत नाही. प्लग काढून शाफ्ट (पाती बसतात तो दांडा) फिरवला तर जड जातो. बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) काळं, चिकट तेल साचलंय. (आधीच्या मालकाने स्वयंपाकाचं तेल ओतलं असावं!) बुश रॉकेलने धुऊन, सुकवून मशीनचं तेल सोडलं तर भागेल, की वाइंडिंगच (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळत आलंय? मल्टीमीटर आहे. कुठल्या वायरींमध्ये काय मोजायचं, तेवढं सांगा. भंगारात द्यायला जीव होत नाही.