आधी बी तार वाजवून बघा
पाच तारांच्या बेस गिटारच्या तिरक्या फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, तिरक्या असल्या की प्रत्येक तारेची लांबी वेगळी होते) हात बसेल का, असं तुम्ही विचारलंय. बसतो हो, माझा आठवड्याभरात बसला. मधल्या फ्रेट्सवर फरक जाणवतच नाही, पहिल्या फ्रेटवर सगळ्यात जाड बी तार धरताना मात्र हात आणखी पुढे न्यावा लागतो. खरा फायदा त्या बी तारेलाच. ती जेमतेम ३१ हर्ट्झची, नेहमीच्या ३४ इंच लांबीवर बऱ्याचदा सैल, घोगरी लागते. डिंगवॉल कम्बशन या बेसवर तीच ३७ इंच आणि सगळ्यात बारीक ‘जी’ तार मात्र ३४! प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. हात लहान असेल तर आयबानेझचा ईएचबी १००५ एमएस बघा, ३५ ते ३३ इंच. आणि ३७ इंचांना जास्त लांब तारांचा सेट लागतो, तो मिळेल का हे आधीच विचारून ठेवा.