शाळेत आठवी-नववीच्या मुलांचे ताई-दादा व्हायचंय? कामाचं तेवढं सांगा

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवी-नववीच्या मुलांसोबत आठवड्यातून तासभर बसणारे स्वयंसेवक आता बऱ्याच गावांत आहेत. कुणी त्यांना मेंटॉर म्हणतं, कुणी मार्गदर्शक. मुलं आपली ताई-दादा म्हणतात. जूनमध्ये उत्साहाने गट उभे राहतात आणि दिवाळीनंतर त्यातले बरेचसे विरतात. म्हणून हा धागा. विनंती एकच: ‘मुलांनीच मला खूप काही शिकवलं’ हे इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढू. परवानगी, वेळ, कागद, किती मुलं, कुठे माती होते आणि का, एवढंच लिहा.

समन्वयक, पुणे

परवानगीपासून सुरू करतो. मुख्याध्यापक तोंडी ‘या की’ म्हणाले म्हणजे काम झालं असं धरू नका. त्यांची बदली झाली की ते ‘या की’ पण त्यांच्याबरोबर जातं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना, महापालिकेच्या शाळेसाठी शिक्षण विभागाला, प्रत मुख्याध्यापकांना. शिक्का मारलेली पोच घ्या. पत्रात पाच गोष्टी हव्यात: स्वयंसेवकांची नावं व ओळखपत्रांच्या प्रती, वार आणि वेळ, इयत्ता, खोली, आणि शाळेतर्फे जबाबदार शिक्षक कोण. शेवटची बाब हमखास राहते. मग गणपतीपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि एका शनिवारी खोलीला कुलूप दिसतं. किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नसतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून इतिवृत्तात नोंद करून घेतली तर उत्तम, पालकांनाही तिथेच कळतं.

वेळापत्रक. जूनचा दुसरा पंधरवडा शाळा प्रवेश, पुस्तकं आणि गणवेशात बुडालेली असते, तेव्हा मध्ये जाऊ नका. जुलै स्वयंसेवकांच्या तयारीला, पहिली भेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्ट ते फेब्रुवारी शनिवार मोजले तर ३० भरतात. त्यातून गणपती, सहामाही, दिवाळी, सहल, स्नेहसंमेलन, २६ जानेवारीची तालीम वजा करा. हातात १८-२० उरतात. म्हणून शाळेला आणि मुलांना १८च सांगा. ३० सांगून २० वेळा गेलात तर मुलांच्या लेखी तुम्ही १० वेळा बुडवलंत.

एकामागे तीन-चार मुलं पुरेत. २० मुलांना सहा स्वयंसेवक आणि वर एक राखीव. राखीव माणूस पहिल्या दिवसापासून मुलांच्या ओळखीचा हवा, सगळ्या गटांत आलटून पालटून बसणारा. ऐनवेळी आणलेल्या अनोळखी दादासमोर मुलं तोंड उघडत नाहीत, तो शनिवार फुकटच जातो.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

शाळेच्या बाजूने सांगते. ‘वीस मुलं द्या’ म्हणालात तर शाळा एकतर हुशार मुलं देते, कारण पाहुण्यांसमोर शाळेची लाज राखायची असते, नाहीतर वर्गात त्रास देणारी देते, कारण तेवढाच तास शांततेत जातो. दोन्हीत घोटाळा आहे. फक्त मागे पडलेली मुलं घेतलीत तर दोन आठवड्यांत त्याला ‘ढ मुलांचा तास’ असं नाव पडतं आणि तिसऱ्या आठवड्यात मुलं दप्तर उचलून मागच्या दाराने जातात. वर्गशिक्षकांबरोबर हजेरीपट घेऊन बसा. मधूनमधून गैरहजर असणारी निम्मी, नियमित पण गप्प राहणारी पाव, बडबडी आणि पुढेपुढे करणारी पाव, असा गट जमतो. गटाला नाव मुलांनाच ठेवू द्या.

तास कुठला घ्यायचा? पीटीचा, चित्रकलेचा किंवा कार्यानुभवाचा घेऊ नका. ज्या मुलाला गणितात गती नाही त्याचा आठवड्यातला आनंदाचा तास तोच असतो. शनिवारी बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर लगेच ६० मिनिटं बसणं सोयीचं. पण दोन सत्रांची शाळा असेल तर पुढच्या सत्राची मुलं दारात उभी असतात, तेव्हा खोली आधी बघून ठेवा.

आणखी एक, जे बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, नववीला नाही. एकाच बाकावर बसलेल्या आठवीच्या पोरानं खिचडी खाल्लेली असते आणि नववीचा उपाशी असतो. तो जांभया देतो, तुम्हाला वाटतं रस नाही. शेंगदाणे-गूळ किंवा केळी आणा, सगळ्यांना सारखी. खेड्यात एसटीची वेळ विचारूनच तास ठरवा. मुलींना मोफत पास असतो, पण गाडीच एक असते. ती चुकली की घरचे पुढच्या वेळी थांबू देत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

सॉफ्टवेअरवाला, ठाणे, शनिवारचा दादा

तासात नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या भेटीत ‘मोठेपणी काय होणार?’ आणि ‘बाबा काय करतात?’ हे दोन प्रश्न टाळा. पहिल्याला सगळे ‘पोलीस’ किंवा ‘डॉक्टर’ म्हणून सुटका करून घेतात. दुसऱ्याला एखाद्याचे बाबा नसतात. त्याऐवजी कोरा कागद द्या आणि घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा, वाटेतली दुकानं, कुत्री, ओढा, सगळ्यासकट. तुम्हीही तुमचा काढा. दुसऱ्या भेटीत दिवसाच्या २४ तासांची पट्टी: एका तासाला एक चौकोन, झोप, शाळा, पाणी भरणं, धाकट्याला सांभाळणं, दुकानात बसणं वेगवेगळ्या रंगांत. ‘अभ्यास का करत नाहीस’ या प्रश्नाचं उत्तर पट्टीवर आपोआप दिसतं आणि तो प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही.

नंतरच्या भेटींची साधारण वाटणी: १० मिनिटं आठवड्याची खबरबात, २५ मिनिटं हाताचं काही काम, १५ मिनिटं त्यावर बोलणं, १० मिनिटं पुढच्या वेळचं ठरवणं. हाताचं काम म्हणजे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतली अट समजून घेणं, बँकेची पैसे भरायची स्लिप भरणं, रेल्वेच्या वेळापत्रकावरून प्रवास आखणं, असं काहीही. हात रिकामे असले की मुलं बोलत नाहीत. नजर कागदावर असली की बोलतात.

तास संपल्यावर १००-पानी वहीत चार ओळी: तारीख, कोण आलं, काय केलं, मी कशाला ‘हो’ म्हणालो. चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ‘पुढच्या वेळी चेसबोर्ड आणतो’ आपण विसरतो, मुलं विसरत नाहीत.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

वरच्या प्रतिसादात एक भर. आठवीत येऊनही सलग वाचता न येणारं मूल प्रत्येक गटात असू शकतं, आणि ते लपवण्यात पटाईत असतं: ‘चष्मा विसरलो’, ‘घसा बसलाय’. सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही चार पायऱ्यांची वाचनचाचणी आहे. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाकीचे नकाशा काढत असताना त्याच खोलीच्या कोपऱ्यात घ्या. मूल कुठल्या पायरीवर आहे ते वर्गशिक्षकांना सांगा. तासभराच्या गप्पांतून वाचन सुधारेल या भ्रमात राहू नका, त्याला रोजची वीस मिनिटं लागतात आणि ती शाळेनेच द्यायला हवीत.

समाजकार्यकर्ती, नाशिक

सुरक्षिततेवर अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक स्वयंसेवकाचा पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. अर्ज ऑनलाइन होतो, पण दाखला हातात यायला वेळ लागतो, म्हणून मे महिन्यातच भरा. ‘आमच्याच कंपनीतला आहे हो’ हे कारण चालवून घेऊ नका.

खोलीचं दार उघडं. एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस कधीच नाही. खासगी बोलायचं तर व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर. मुलांना आपला नंबर देऊ नका, त्यांचा घेऊ नका. निरोप शिक्षकांमार्फत किंवा पालकांच्या फोनवर. फोटो नाहीत. सेल्फी नाहीत. ‘स्टेटसला फक्त पाठमोरा’ हाही नाही.

एखाद्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं तर चार गोष्टी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘मदत करू शकतील अशा माणसांना सांगावं लागेल’ हे सांगा. खोदून विचारू नका, तो तपास तुमचा नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख-वेळेसह. आणि त्याच दिवशी कळवा: मुख्याध्यापक, १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलीस. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचं नाव जाईल, आपण आपसात बघू’ असं कुणी म्हणालं तरी तुमची जबाबदारी संपत नाही. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्यात कोण आहे हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा, प्रसंग आल्यावर नाही.

माध्यमिक शिक्षक, बीड

तुमचं ऑगस्ट ते फेब्रुवारी आमच्याकडे चालत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्यामुळे इथे सगळा भर जून ते दसरा, आठवड्यातून दोनदा. सप्टेंबरात यादी करा: कोण जाणार, कोण आजीकडे राहणार, कुणाला हंगामी वसतिगृहात सोय लागेल. ही यादी वेळेत मुख्याध्यापकांच्या हातात पडली तर तिचा उपयोग आहे, दिवाळीनंतर ती रद्दी.

मुलींचं सांगतो. नववीतली नियमित येणारी मुलगी अचानक गप्प झाली, वही अर्धवट ठेवायला लागली, मैत्रिणी कुजबुजायला लागल्या, तर लग्नाची बोलणी चालू आहेत का हे वर्गशिक्षिकेला हळूच विचारा. १८ च्या आत लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण तुम्ही स्वतः त्या घरी जाऊन भाषण देऊ नका. तुम्ही संध्याकाळी गाडीत बसून परत जाता, मुलगी त्याच घरात राहते.

शनिवारची ताई, नागपूर

थोडा वेगळा सूर लावते. ‘मेंटॉर म्हणजे शिकवणी नाही’ हे सगळे घोकतात. मान्य. पण पालकांना गुण हवे असतात, आणि ते विचारतात तेव्हा ‘आम्ही आत्मविश्वास वाढवतो’ या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. मधला रस्ता कागदांच्या कामाचा आहे. आठवीच्या गटाकडून एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घ्या. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा शासकीय, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. मुलं हुशारीला कमी पडत नाहीत, अडलेल्या प्रश्नावर बसून राहतात. वीस प्रश्न, वीस मिनिटं, घड्याळ समोर, हा सराव दर शनिवारी करा.

जिथे खरी माती होते ते पुढे. आधारवर ‘गणेश’, शाळेच्या जनरल रजिस्टरला (प्रवेशाच्या नोंदवहीत) ‘गणेशा’. बँक खातं आधारला जोडलेलं नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना. हे जुलैतच तपासा, अर्ज सुटल्यावर रांगा लागतात. शिष्यवृत्ती मिळाली तरी दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. दहावीनंतर मूल दुसऱ्या कॉलेजात जातं, तिथल्या कार्यालयाला याची दाद नसते आणि दोन वर्षांचे पैसे बुडतात. दहावीला ६० टक्के हवेत हेही नववीतच कानावर घाला.

मूळचा कोल्हापूरचा, सध्या ब्रिटनमध्ये

इकडे चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याशिवाय शाळेच्या फाटकातही सोडत नाहीत आणि भेटी वाचनालयात, काचेच्या दाराआड होतात. नाशिकच्या ताईंचं सगळं तंतोतंत लागू.

एक वाचण्याजोगी गोष्ट: अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या मुलांना मेंटॉर मिळवून देणाऱ्या संस्थेच्या शाळेतल्या कार्यक्रमाचं मोठं मूल्यमापन २००७ मध्ये आलं, चौथी ते नववीची १,१३९ मुलं. पहिल्या वर्षाअखेर अभ्यासात फरक दिसला. पुढच्या वर्षी तो बहुतेक उरला नाही. मधली लांब सुट्टी आणि बदललेला मेंटॉर, दोन्ही नडतात.

समन्वयक, पुणे

म्हणूनच मे महिन्यावर उपाय: पोस्टकार्ड. ५० पैशांचं. सुट्टीत प्रत्येक मुलाला एक, शाळेच्या नोंदीतल्या पत्त्यावर, शिक्षकांना दाखवून. उघडं पत्र, घरातले सगळे वाचू शकतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. मुलाने उत्तर लिहून जूनमध्ये घेऊन यायचं.

निरोपाचंही ठरवून ठेवा. वर्ष कधी संपणार हे जानेवारीत सांगा, शेवटच्या तीन भेटींत पुन्हा सांगा. नोकरी बदलून जाणाऱ्याने ‘येईन मधूनमधून’ म्हणू नये. स्वतः येऊन सांगावं, पुढच्या दादाची ओळख करून द्यावी, निघावं. भेटवस्तू द्यायची तर सगळ्यांना सारखी, कंपासपेटीच्या पलीकडे नको. एकाला बूट दिले की गट फुटतो.

सॉफ्टवेअरवाला, ठाणे, शनिवारचा दादा

शेवटचं फुटकळ. पिशवीत काय काय: कोरे कागद ५० (पाठकोरेही चालतात), पेन्सिली आणि खोडरबर मुलांपेक्षा चार जास्त, स्केचपेनचे दोन संच, चिकटपट्टी, हातरुमाल, पाण्याची बाटली, एक खडू. आणि शिपाई मामांचा नंबर. शुक्रवारी रात्री त्यांना एक फोन करायचा: ‘मामा, उद्या येतोय, खोली उघडी ठेवा.’