‘ओल्ड्स’ चालत नाही, मग ‘लोकल्स’ कसं चालतं? बोर्ड रंगवायचा आहे, मदत हवी

फोंडेकर:
गावची जत्रा तोंडावर आली आहे. दर्शनाला म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि अंध-अपंगांसाठी वेगळी रांग असते. तिचा इंग्रजी बोर्ड लिहायचं काम समितीने माझ्या गळ्यात घातलं, कारण मी एके काळी बँकेत होतो. मी लिहून दिलं, ‘फॉर ओल्ड्स अँड ब्लाइंड्स’. पेंटरने खडूने अक्षरं आखलीसुद्धा. तेवढ्यात कॉलेजात जाणारी पुतणी आली आणि “काका, ओल्ड्स?” म्हणून जी हसत सुटली! पेंटर ब्रश घेऊन तसाच उभा.

कारण विचारलं तर तिला सांगता येईना. ‘द ओल्ड’ लिहा, एस नको, एवढंच. पण ‘लोकल’ हेही विशेषणच ना? कळंगुटला सगळे ‘लोकल्स’ म्हणतात. ‘सीनियर्स’, ‘गोवन्स’, ‘इंडियन्स’ सगळं चालतं. ‘पोर्तुगीजेस’ मात्र नाही. ४५१ वर्षं गोव्यात राहून त्यांना एक एस मिळाला नाही! यात काही नियम आहे, की पाठच करायचं? पेंटर परवा परत येणार आहे.

मुद्रितशोधक:
बाब, पुतणी बरोबर आहे. घोटाळा आपल्या मराठी सवयीचा आहे. ‘आंधळा मागतो एक डोळा’, ‘बुडत्याला काडीचा आधार’: आपलं विशेषण एकटं चालतं, कारण बाई की बुवा, एक की अनेक, हे आंधळा-आंधळी-आंधळे यातच कळतं. इंग्रजी ‘ब्लाइंड’ला ना लिंग ना वचन. आधी ‘द’ लावलं की ते उभं राहतं, पण मग अर्थ होतो समस्त अंध मंडळी. म्हणून क्रियापदही अनेकवचनी, ‘द पूअर आर’. एकच माणूस हवा तर ‘अ ब्लाइंड मॅन’ म्हणावं लागतं.

‘लोकल’, ‘सीनियर’ हे वापरून वापरून पुरते नाम झालेत. ‘अ लोकल’ म्हणता येतं, म्हणून ‘लोकल्स’ही. ‘अॅन ओल्ड’ म्हणून बघा, जीभच अडते.

देशांचं शब्दाच्या शेपटावर आहे. ‘अन’ शेपटाचे इंडियन, जर्मन, गोवन एस घेतात. ‘च’, ‘श’, ‘ईज’ शेपटाचे फ्रेंच, इंग्लिश, डच, पोर्तुगीज, चायनीज घेत नाहीत. त्यांचा सगळा समाज ‘द’ लावून. पोलिश, टर्किश यांना पोल, टर्क अशी वेगळीच नामं आहेत, ती पाठच करायची.

कोर्टातला कारकून:
एक भर. ‘द अक्यूज्ड’ एकटाही असतो. पेपरातल्या निधनाच्या जाहिरातीतला ‘द डिसीज्ड’ही एकच.

सांतइनेजकर:
व्याकरण झालं, पण बोर्डावर ‘द ओल्ड अँड द ब्लाइंड’सुद्धा नको. लोकांना लेबल चिकटवल्यासारखं वाटतं. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याच्या नावातच ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ आहे, आणि पणजीच्या पर्पल फेस्ट या अपंगांच्या महोत्सवातही मी हेच शब्द ऐकले. अर्थात याचा अतिरेकही होतो. जानेवारी २०२३मध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) या अमेरिकी वृत्तसंस्थेने असं ‘द’ टाळा म्हणून सल्ला दिला आणि यादीत ‘द पूअर’च्या बरोबरीने ‘द फ्रेंच’ही घातलं. अमेरिकेतल्या फ्रेंच वकिलातीने थट्टेत ट्विटरवर आपलं नाव ‘एम्बसी ऑफ फ्रेंचनेस’ करून टाकलं! एपीने पोस्ट काढून टाकली आणि दुखवायचा हेतू नव्हता असं सांगितलं.

मुद्रितशोधक:
आणि अमेरिकेतल्या अंधांची स्वतःची संघटना १९४०पासून ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ आहे. ज्याचं त्याने म्हणणं वेगळं. तुमच्या बोर्डाला मात्र ‘सीनियर सिटिझन्स अँड पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’च शोभेल.

फोंडेकर:
देव बरें करूं सगळ्यांचं. पुतणीला वाचून दाखवलं, ‘शेपटाचा’ नियम तिलाही नवा होता. आता पंचाईत वेगळीच. आमचा पेंटर अक्षरावर पैसे घेतो. खजिनदार म्हणतात, ‘ओल्ड्स’च बरं होतं.