घरचा गणपती आणि ऑटिस्टिक भाचा: चित्रांची तयारी कशी करू?

ओटी_पडवी:
यंदा १४ सप्टेंबरला गणपती. आमचं घर राजापूर तालुक्यात. एरवी चार माणसांचं घर, गौरी-विसर्जनापर्यंत तीसेक जणांचं होतं. नणंदेचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, शब्दांत फारसं बोलत नाही. पूर्ण सणाला आजोळी पहिल्यांदाच येतोय. वन्सं म्हणाल्या, "पुढे काय होणार ते चित्रांत दिसलं की तो बराच शांत असतो." त्यावरून चित्रांचं मनावर घेतलंय. पण कसली करू, कुठे लावू आणि घरातल्या मोठ्यांना काय सांगू? आमच्याकडे आरती तासभर चालते, झांजा-मृदंगासकट. ती आखूड होणार नाही, हे सासऱ्यांनी आधीच सांगितलंय. त्याला फक्त दर्शनापुरतं आणून आतल्या खोलीत बसवायचं, असं मला नकोय.

निळाई:
माझी मुलगी सोळा वर्षांची, ऑटिस्टिक. सगळ्यात आधी वन्संना विचारा, तो शाळेत कुठली चित्रं वापरतो? काही मुलांना रेखाचित्र कळतं, काहींना फक्त फोटो. त्याचीच पद्धत पुढे न्या. रेखाचित्रं चालत असतील तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा 'आरासाक' हा चित्रसंग्रह घरगुती वापराला फुकट आहे. मखर, समई, उकडीचे मोदक यांचे मात्र आपल्याच घरातले फोटो काढा. दुसऱ्या कुणाचं मखर दाखवलंत तर तो तेच शोधत बसेल.

आता घराचे फोटो. पायरी, ओटी, माजघर, तो झोपणार ती जागा, आणि न्हाणीघर-संडास नक्की. संडास मागच्या अंगणात असेल तर तिथवरची वाट दिवसा आणि रात्री, दोन्ही. माजघराचे दोन फोटो शेजारी शेजारी लावा, एक रोजचा, एक मागच्या वर्षीच्या सजावटीचा. माणसांचेही फोटो हवेत, खाली नातं लिहून. तीसही नकोत, ज्यांच्याशी त्याचा रोज संबंध येणार तेवढेच. हे सगळं निघायच्या निदान पंधरा दिवस आधी त्याच्या हातात पडू दे.

आरतीबद्दल. ती तासभर चालते यापेक्षा ती कधी संपणार हे कळत नाही, याचा माझ्या लेकीला जास्त त्रास व्हायचा. म्हणून आम्ही आरत्यांची पट्टी केली. तुमच्याकडे ज्या क्रमाने म्हणतात त्या क्रमाने प्रत्येकीचं एक कार्ड: पहिलं 'सुखकर्ता', मग शंकराची, देवीची, विठोबाची, शेवटी 'घालीन लोटांगण', मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद. वेलक्रोने चिकटवायची, एक आरती झाली की एक कार्ड काढून डब्यात टाकायचं. ते काम त्याच्याकडेच द्या. ऐन वेळी कुणी आणखी एक आरती सुरू करतंच, त्यासाठी 'अजून एक' असं कोरं कार्ड ठेवा आणि ते आधी दाखवा. आजोबांची आरती आहे तेवढीच राहील.

चित्रशिक्षिका:
निळाई यांच्या पट्टीला अनुमोदन. मी विशेष शिक्षिका आहे, माझ्याकडून दोन गोष्टी.

सणाच्या तोंडावर नवीन पद्धत सुरू करू नका. चित्र हातात देऊन मागायची 'पेक्स' पद्धत १९८५ पासून वापरात आहे, पण ती टप्प्याटप्प्याने शिकवावी लागते, पाहुण्यांच्या गर्दीत नाही. तो टॅबवरची चित्रं दाबून, टॅबच्या आवाजात बोलत असेल तर टॅब सतत त्याच्याजवळ हवा, 'आता आरती चाललीय' म्हणून काढून घेऊ नका. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे असंच चित्रांवरून बोलायचं अ‍ॅप मोफत आहे, मराठीतही चालतं. घरातल्या दोघा-चौघांनी ते आत्ताच हाताळून बघा.

आणि 'मूर्तीला हात लावू नको' असं फुलीचं चित्र टाळा. काय करायचं ते दाखवा. मखरापुढे जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा, तिच्याअलीकडे पावलांचं चित्र. बाकीची लहान मुलंही तिथेच थांबतील.

शांत_कोपरा:
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, वय ३१. वेळापत्रक चांगलं, पण मला सर्वांत उपयोगी पडलं असतं ते 'मला बाहेर जायचंय' हे कार्ड. आणि ते दाखवल्यावर कुणी 'थांब रे, एवढी आरती होऊ दे' न म्हणणं. घरातल्या तीसही जणांना हे आधी सांगा. पहिल्यांदा कार्ड दाखवलं आणि कुणी ऐकलं नाही, तर तो पुन्हा दाखवणार नाही, ओरडेल किंवा पळेल. मग लोक म्हणतील चित्रांचा उपयोग नाही.

बाहेर कुठे जायचं तेही ठरवून ठेवा. एक खोली, तिच्या दारावर त्याच कार्डावरचं चित्र, आत पाहुण्यांच्या बॅगा नाहीत. कानावर लावायचे आवाजरोधक हेडफोन तिथेही हवेत आणि माजघरातही.

पाया पडणं, गाल ओढणं, मिठी मारणं याऐवजी काय करायचं, त्याचंही कार्ड करा: हात जोडलेला नमस्कार, हात हलवणं, नुसतं हसणं. कुठला नमस्कार करायचा ते त्याला निवडू दे.

ओटी_पडवी:
किती मोलाचं लिहिलंय सगळ्यांनी. नमस्काराचं कार्ड सासऱ्यांना दाखवलं, ते म्हणाले, "मला लांबून हात हलवला तरी पोचला." विसर्जनाची मात्र धास्ती आहे. पाच दिवस ज्याच्याशी ओळख झाली तो पाण्यात जातो, हे कसं दाखवू?

निळाई:
पूर्ण प्रवास दाखवा, शेवट लपवू नका. तुमच्याकडे नागपंचमीच्या सुमारास पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, देत असतील ना? तिथूनच सुरुवात करा: रिकामा पाट, मातीची मूर्ती, रंगवलेली मूर्ती, घरी आगमन, पूजा, डोक्यावरून नदीकडे, पाण्यात मूर्ती, पाटावर परत आणलेली वाळू, घरी आरती, खिरापत. मूर्ती मातीची असेल तर आधी मातीचा छोटा गोळा बादलीत विरघळताना दाखवा.

शांत_कोपरा:
फटाके चित्रात मावत नाहीत, कारण कधी वाजतील ते माहीत नसतं. वाडीतल्या मुलांशी बोला. एक तर लावूच नयेत, नाहीतर सगळी माणसं परतल्यावर, ठरलेल्या जागी. मग 'फटाके' हे कार्डही पट्टीवर त्याच्या जागी लावता येईल. आणि नदीवर न जाता घरी थांबायचं असेल, तर तेही चित्र ठेवा.

ओटी_पडवी:
वाडीत विचारते. या रविवारी गणपतीच्या शाळेत जाऊन मूर्तीचे फोटो काढणार आहे. कार्डं साध्या कागदावर छापली तर चालतील का?

चित्रशिक्षिका:
कोकणातल्या दमट हवेत दोन दिवस टिकणार नाहीत. लॅमिनेट करा, कोपरे गोल कापा आणि प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती काढा. 'बाहेर जायचंय' हे कार्ड तर चार-पाच ठिकाणी हवं: त्याच्या खिशात, ओटीवर, माजघरात, पंगतीच्या जागी.