‘प्रतिकूल कब्जा’ : नेमका कुणाला प्रतिकूल?

भाषांतरवाली : एका दिवाणी दाव्याचे कागद मराठीत करतेय. ‘अ‍ॅडव्हर्स पझेशन’ला, म्हणजे मालकाला न जुमानता त्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या कब्जाला, ‘प्रतिकूल कब्जा’ लिहिलं. पक्षकार काका वाचून हबकले, “म्हणजे निकाल आपल्या विरोधात गेला?” अहो, कब्जा त्यांचाच! गैरसमज न होणारा शब्द सुचवा.

बांधावरचा : सरळ ‘वहिवाट’ लिहा की. आमचा आजा म्हणायचा, “बारा वर्सं वहिवाट झाली, आता कोन उठवतंय?” वाहती वाट ती वहिवाट.

कोर्टकचेरी : व्युत्पत्ती गोड आहे, पण कोर्टात वहिवाट म्हटलं की शेतरस्ता, पाट, विहिरीचं पाणी आठवतं. तो सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वापर करण्याचा हक्क, 1882चा कायदा. त्याला 20 वर्षं लागतात आणि जमीन मूळ मालकाचीच राहते. इथं मामला मुदत कायदा 1963चा. मालकाचा हक्क झुगारून उघड, सलग 12 वर्षं कब्जा राहिला आणि त्यानं दावा लावला नाही, तर कलम 27नं त्याचा हक्कच संपतो. सरकारी जमिनीला 30 वर्षं. ‘विरोधी कब्जा’ लिहा.

भाषांतरवाली : काका ‘विरोधी’ वाचूनही हेच विचारणार.

शुद्धमती : मुळात ‘कब्जा’ अरबी. मुठीत धरणं. आपल्याकडे ‘भोग’ आहे. मालक डोळ्यांदेखत गप्प राहिला तर 20 वर्षांनी जमीन गमावतो, असं याज्ञवल्क्यानं सांगून ठेवलंय. ‘विरुद्ध भोग’ रूढ करा.

कोर्टकचेरी : ते वाचून काका ज्योतिषाकडे जातील. शिवाय ‘भोगवटादार’ सातबाऱ्यावर वर्ग 1, वर्ग 2 घेऊन आधीच बसलाय. आणि अरबी काढायचंच तर मालक, हक्क, दावा, वकील हेही काढा. मग खटला कशावर चालवता?

शुद्धमती : वकील काढायला माझी हरकत नाही.

चाळकरी : आमचा भाडेकरूही “बारा वर्षं झाली, खोली माझी” म्हणतो. खरं आहे का?

कोर्टकचेरी : भाडं देतो ना? मग तो परवानगीचा कब्जा. नुसता काळ लोटून तो विरोधी होत नाही. राखणदाराचंही तेच. भावाभावांत तर आणखी अवघड, एकाचा कब्जा तो सगळ्यांचा धरतात. बाकी, सुप्रीम कोर्टाच्या 2019च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालापासून कब्जेदाराला या मुद्द्यावर स्वतःहूनही दावा लावता येतो.

म्हापशेकार : आमच्याकडे गोव्यात ‘मुंडकार’ आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर करून राहणारा. 1975च्या कायद्यानं त्याला सहज हुसकता येत नाही. तो शब्द घ्या.

कोर्टकचेरी : तो भाटकाराच्या संमतीनं राहतो हो. बरोब्बर उलटं झालं.

बांधावरचा : कायदा राहू द्या. शेजारी दर नांगरटीला बांध कोरत एक अख्खा तास, म्हणजे नांगराची ओळ, आत आलाय. ह्याला कुठला कब्जा?

कोर्टकचेरी : आधी मोजणी आणा. नकळत कोरला असेल तर ‘उघड’ कुठं झालं?

म्हापशेकार : बांध ‘कोरतात’? मी ‘रेटतात’ ऐकलंय.

बांधावरचा : रेटतात धक्क्यानं. हा नांगराच्या फाळानं, बोट बोट. कोरतातच.

भाषांतरवाली : उद्या कागद द्यायचेत. ‘विरोधी’ लिहू का?

चाळकरी : कोकणात तर दगडी गडगाच सरकवतात. तिथं ‘कोरला’ कसं म्हणणार?